प्रबंधाची अक्षरजुळणी (भाग ७) : शब्दातला आकडा, गणितातला आकडा

मागच्या भागात समास आणि ओळींमधलं अंतर ठरवलं. आता अंकांकडे येऊ. प्रबंध लिहिणारे बहुतेक जण अंकांचा वेगळा विचार करतच नाहीत. कळफलकाचं बटण दाबलं की जो उमटेल तो अंक. माझा आग्रह असा आहे की प्रत्येक आकड्याला आधी एक प्रश्न विचारावा : तू इथे शब्द म्हणून आला आहेस की राशी म्हणून? ‘१९६० साली’, ‘पान ४२ वर’, ‘प्रकरण ३ मध्ये’ इथल्या आकड्यांची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही. ते नावासारखे असतात आणि वाक्यात मिसळून जायला हवेत. समीकरणातला पंचवीस मात्र मोजलेला, गुणला-भागला जाणारा असतो. तो ठसठशीत, वेगळा दिसलाच पाहिजे.

विज्ञान-अभियांत्रिकीतले आपले बहुतेक विद्यार्थी प्रबंध इंग्रजीत लिहितात, म्हणून आधी त्याबद्दल. रोमन लिपीच्या फॉन्टमध्ये अंकांची दोन वळणं असतात. एकात सगळे अंक एकाच उंचीचे, साधारण मोठ्या अक्षरांएवढे. त्यांना समउंचीचे अंक म्हणू. दुसरं वळण जुनं. त्यात शून्य, एक आणि दोन हे छोट्या अक्षरांएवढे बुटके असतात, तीन, चार, पाच, सात, नऊ ओळीखाली उतरतात, तर सहा आणि आठ वर डोकं काढतात. छोट्या लिपीतली अक्षरंही अशीच वर-खाली होतात, त्यामुळे जुन्या वळणाचं साल परिच्छेदात सहज सामावतं. मॅथ्यू कार्टर यांच्या जॉर्जिया फॉन्टमध्ये कुठलंही साल लिहून पाहा आणि तेच टाइम्स न्यू रोमनमध्ये लिहा. टाइम्समध्ये ते मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या शब्दासारखं ओळीतून उठून दिसतं. वर्डमध्येही २०१० च्या आवृत्तीपासून, फॉन्टमध्ये सोय असेल तर, हे वळण निवडता येतं.

पण हेच वळण गणितात नेलं की घोटाळा होतो. बुटकं शून्य ‘ओ’ अक्षरासारखं दिसतं. घातांकात बसवलेला, खाली उतरणारा तीन आपल्या जागेवरून घसरल्यासारखा वाटतो. अपूर्णांकाच्या आडव्या रेघेच्या वर-खाली असे अंक कधी रेघेला टेकतात, कधी तिच्यापासून लांब राहतात. म्हणून माझा निर्णय साधा आहे : मजकुरात जुनं वळण चालेल, शोभेलही. समीकरणात समउंचीचेच अंक हवेत.

लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये मुख्य फॉन्टला जुन्या वळणाचे अंक लावले आणि गणितासाठी वेगळा फॉन्ट नेमला नाही, तर ती निवड गणितातल्या अंकांपर्यंतही झिरपते. माझ्या स्वतःच्या प्रबंधात हे झालं होतं आणि मला ते छापील प्रत हातात आल्यावर कळलं. साठेक पानांवरचे घातांक नाचत होते. उपाय अगदी लहान आहे. युनिकोड-मॅथ पॅकेज घेऊन गणिताचा फॉन्ट वेगळा सांगायचा, किंवा फॉन्टस्पेकला गणिताला हात लावू नकोस असं सांगायचं. आणि टाइप करताना राशी असलेला प्रत्येक आकडा, वाक्याच्या मधोमध आला तरी, डॉलरच्या खुणांमध्ये लिहायचा. सालाला डॉलर लावायचे नाहीत. ही सवय पहिल्या प्रकरणापासून लावली, तर वळणाचा निर्णय शेवटच्या दिवशीही एका ओळीत बदलता येतो.

ही काळजी लाटेक ज्यावर उभं आहे त्या टेकचे निर्माते क्नूथ यांनी स्वतः घेतली होती. ग्रॅहम, क्नूथ आणि पाताश्निक यांचं ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. त्यातल्या गणितासाठी हरमान झाफ यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी घडवलेला ऑयलर फॉन्ट वापरला आहे, मजकुरासाठी क्नूथ यांचा काँक्रीट. झाफ यांची कल्पना अशी होती की गणित हे सुंदर हस्ताक्षर असलेल्या गणितज्ञाने हाताने लिहिल्यासारखं दिसावं. ऑयलरच्या शून्याला वर किंचित टोक आहे. त्या पुस्तकात गणितातला अंक ऑयलरचा आणि सालासारखा साधा अंक काँक्रीटचा. म्हणजे कुठला आकडा कोणत्या कामाचा, हे पानोपान कुणीतरी बसून ठरवलं आहे.

मराठीतून लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधात हा प्रश्न अधिक खोल जातो. इथे वळण बदलत नाही, अंकच बदलतो. जुन्या वळणाचा पाच आणि समउंचीचा पाच हे संगणकाच्या लेखी एकच चिन्ह, फक्त कपडे वेगळे. देवनागरी ५ मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्र घरात राहतो. ज्यांना आपण ‘इंग्रजी अंक’ म्हणतो, त्यांना आपली राज्यघटना कलम ३४३ मध्ये भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप म्हणते. ती दोन्ही रूपं आपलीच आहेत, तेव्हा अभिमानाचा मुद्दा बाजूला ठेवून कामाचा विचार करू.

अर्थशास्त्र, भूगोल, शिक्षणशास्त्र अशा विषयांच्या मराठी प्रबंधात मजकूर देवनागरीत असतो आणि सूत्रांत रोमन, ग्रीक अक्षरं असतात. माझ्या मते मजकुरात सर्वत्र देवनागरी अंक ठेवावेत आणि रोमन चलाला जोडून आलेला अंक आंतरराष्ट्रीय रूपात ठेवावा. ‘२५ विद्यार्थ्यांची मुलाखत घेतली’ हे देवनागरीत. समीकरणात बरोबरच्या चिन्हापुढे आलेला पंचवीस आंतरराष्ट्रीय. समीकरणाचा क्रमांक कंसात येतो, पण तो गणिताचा भाग नाही. ते त्या समीकरणाचं नाव आहे, म्हणून तो देवनागरीत. पानांचे आणि प्रकरणांचे क्रमांक लाटेक स्वतः मोजतं. पॉलिग्लॉसिया पॅकेजमध्ये मराठी निवडून ते देवनागरीत आणता येतात.

या विभागणीचा एक मोठा फायदा आहे. इंग्रजी प्रबंधात सूत्राच्या शेवटी तळटीपेचा दोन आला की तो वर्गाचं चिन्ह आहे असं वाटू शकतं. मराठीत तळटीपेचा २ देवनागरी असेल, तर घातांक म्हणून तो कुणी वाचणारच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. देवनागरी ५, ८ आणि ९ यांची वळणं सगळ्या फॉन्टमध्ये एकसारखी नसतात. हिंदीकडचा ५ आणि मराठीतला ५ शेजारी ठेवून पाहा. मजकूर एका फॉन्टमध्ये, आलेखावरचे आकडे दुसऱ्यात आणि तक्ते तिसऱ्यात असले, की एकाच पानावर दोन जातींचे पाच दिसतात. अंकांसाठी एकच फॉन्ट ठरवा आणि आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तोच द्या.

तक्त्यांमधल्या समरुंद अंकांचा विषय पुढच्या आठवड्यात. त्याआधी आपल्या प्रबंधातलं समीकरणं असलेलं एक पान कागदावर छापा. राशी असलेल्या प्रत्येक आकड्याभोवती लाल पेनने गोल करा, बाकीच्या आकड्यांभोवती निळ्याने. जिथे कोणतं पेन उचलावं ते कळणार नाही, ते वाक्य पुन्हा लिहा.