दालने ग्रीसची, उंबरठा घरचा

जुन्या पिढीतील माणसे वस्तुसंग्रहालयाला ‘अजबखाना’ म्हणत. शब्द मोठा मासलेवाईक आहे. आत शिरावे, डोळे विस्फारावेत, ‘काय अजब!’ म्हणावे आणि बाहेर येऊन मुलांना भेळ घेऊन द्यावी, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा. आता आपण ‘संग्रहालय’ म्हणतो खरे. पण पाहण्याची रीत फारशी बदललेली नाही. काचेच्या पेटीपुढे अर्धा मिनिट थांबायचे, पाटीवरचे चार शब्द वाचायचे आणि पुढच्या पेटीकडे सरकायचे! वस्तू कशाची आणि कोणत्या शतकातली, एवढे पाटी सांगते. ती कोणी कोणासाठी घडविली, मातीआड कशी गेली, पुन्हा कोणाच्या हाती लागली आणि मुळात टिकली तरी कशी, हे सांगण्याइतकी जागा पाटीवर नसते. त्यासाठी पुस्तकच हवे.

प्राचीन ग्रीसच्या बाबतीत अशी पुस्तके म्हणजे आजवर श्रीमंती चैन होती. गुळगुळीत जाड कागद, पानपानभर छायाचित्रे आणि ऐकूनच खाली ठेवावे अशी किंमत! परंतु गेल्या काही वर्षांत एक शुभ गोष्ट घडली आहे. यांपैकी कितीतरी ग्रंथ आता इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही की ग्रंथालयाची अनामत लागत नाही.

ग्रीसमधील जहाजमालक योआनिस लात्सिस यांच्या नावे एक लोकोपयोगी प्रतिष्ठान आहे. त्याने १९९७ पासून ग्रीक संग्रहालयांवर एक ग्रंथमालाच चालविली. ऑलिम्पिया, डेल्फी, डेलॉस, पिरेअस, अथेन्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय, असे एकेक स्थळ घ्यायचे आणि तिथल्या मातीत ज्यांचे आयुष्य गेले अशा संशोधकांकडून त्यावर लिहवून घ्यायचे, अशी तिची पद्धत. या ग्रंथांच्या इंग्रजी आवृत्त्या घरबसल्या वाचता येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली अनेक जुनी-नवी प्रकाशने अशीच खुली केली आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेनेही २०१४ मध्ये आपल्या ग्रंथांचे दार उघडले.

हे ग्रंथ चाळू लागले की पहिलीच गोष्ट मनाला चटका लावून जाते. ग्रीक शिल्पकारांची खरी आवड ब्राँझची; पण त्यांनी घडविलेल्या ब्राँझच्या मोठ्या मूर्तींपैकी हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच आज उरल्या आहेत. कारण साधे आहे. ब्राँझ वितळते! पुढच्या काळातील लोकांना मूर्तीपेक्षा धातूची गरज अधिक वाटली, आणि देव, वीर, मल्ल सारे भट्टीत गेले. जे वाचले ते बहुधा कोणत्या ना कोणत्या अपघातामुळे वाचले.

डेल्फीचा सारथी पाहा. सिसिलीतील गेला नगराचा सत्ताधीश पोलिझालोस याने, रथांच्या शर्यतीतील विजयाप्रीत्यर्थ, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तो अपोलोला अर्पण केला. मुळात चार घोडे, रथ आणि सारथी असा तो सारा थाट होता. इ.स.पूर्व ३७३ च्या भूकंपात दरड कोसळली आणि सारा थाट मातीखाली गाडला गेला. त्या दिवशी डेल्फीच्या पुजाऱ्यांनी हळहळून कपाळाला हात लावला असेल. पण त्या दरडीनेच हा तरुण वाचविला! १८९६ मध्ये फ्रेंच उत्खननात तो बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे अजून जागे होते. सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती ग्रंथातल्या मोठ्या छायाचित्रांत निवांत न्याहाळावी. पापण्यांचे केस तांब्याच्या बारीक पट्टीतून कापलेले आहेत. आणि पावले पाहा! रथाच्या आड ती कोणाच्या दृष्टीस पडायची नव्हती. तरी एकेका बोटावर, नखावर, शिरेवर शिल्पकाराने मन लावून काम केले आहे. न दिसणाऱ्या पावलांवर एवढे कष्ट कशासाठी? ज्याला अर्पण करायचे तो सर्वसाक्षी, म्हणून असेल. किंवा हाताला अर्धवट कामाची सवयच नसेल.

दुसऱ्या एका मूर्तीला समुद्राने सांभाळले. १९२६ आणि १९२८ मध्ये आर्टेमिसिऑन भूशिराजवळ समुद्राच्या तळातून हात पसरून शस्त्र फेकण्याच्या पवित्र्यात उभा असलेला एक भव्य देव वर आला. हातातले शस्त्र मात्र नाहीसे झालेले. वज्र असते तर तो झ्यूस, त्रिशूळ असता तर समुद्रदेव पोसायडन. ज्याच्या पोटात तो सापडला त्या सागराचाच हा स्वामी की आकाशाचा, यावर विद्वानांचा वाद झालेला आहे. ग्रंथ आपल्यापुढे दोन्ही बाजू मांडतो. पाटीवर हा वाद मावत नाही.

अपघाताने वाचणे निराळे आणि माणसांनी जिवापाड जपणे निराळे. हा दुसरा अध्याय अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने लिहिला. १९४० च्या ऑक्टोबरात ग्रीसवर युद्ध आले. मग तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी काय करावे? त्यांनी आपल्याच दालनांची जमीन खणली. खोल खड्ड्यांत संगमरवरी मूर्ती एकीशेजारी एक उतरविल्या आणि वाळूने झाकल्या. मायसीनीचे सोने पेट्यांत बंद करून ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेत पोहोचते केले. हे काम सहा महिने चालले होते. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरले तेव्हा संग्रहालयाच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. ज्या मूर्ती उकरून काढण्यात लोकांची आयुष्ये गेली होती, त्या वाचविण्यासाठी त्यांच्याच हातांनी पुन्हा पुरल्या गेल्या! त्या खड्ड्यांची छायाचित्रेही उपलब्ध आहेत. मूर्ती खड्ड्यात उभ्या आहेत आणि त्यांची डोकी तेवढी जमिनीवर दिसत आहेत. अशी छायाचित्रे पाहिल्यावर त्याच दालनातली मूर्ती आपल्याला निराळी दिसू लागते.

विनामूल्य पुस्तकांची दुसरीही एक जात आहे. लेखहक्काची मुदत संपलेले जुने ग्रंथ ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारख्या संग्रहांत मिळतात. पॉसेनिअस हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी. गावोगाव हिंडून जे पाहिले ते त्याने दहा भागांत लिहून ठेवले. जेम्स फ्रेझर याने १८९८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद सटीप प्रसिद्ध केला, तो आज कोणालाही वाचता येतो. ऑलिम्पियाच्या हेरा देवीच्या मंदिरात बाळ डायोनिससला कडेवर घेतलेला हर्मिस असून तो प्रॅक्सिटेलीसची कृती आहे, अशी नोंद पॉसेनिअसने केली होती. १८७७ मध्ये जर्मन संशोधकांनी ते मंदिर खणले आणि तिथेच बाळाला घेतलेला संगमरवरी हर्मिस निघाला! हा प्रॅक्सिटेलीसचा मूळ हात की नंतरच्या काळातली प्रत, हा वाद पुढे रंगला. पण सतराशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाची नोंद खरी ठरली यात शंका नाही.

मात्र जुन्या ग्रंथांशी वागताना थोडी सावधगिरी हवी. हाइनरिश श्लीमान याने १८७६ मध्ये मायसीनीच्या राजथडग्यांतून सोन्याचे मुखवटे काढले आणि १८७८ च्या आपल्या ग्रंथात ही थडगी ट्रॉयविजेत्या आगामेम्नॉनची आणि त्याच्या सोबत्यांची असल्याचे मांडले. ग्रंथ आजही रसरशीत वाटतो. पण ती थडगी इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकाच्या सुमाराची. ट्रॉयच्या युद्धाचा परंपरागत काळ त्यानंतर सुमारे तीन शतकांनी येतो. मुखवट्याला आगामेम्नॉनचे नाव चिकटले ते चिकटलेच. म्हणून श्लीमान जरूर वाचावा. पण हर्षासाठी श्लीमान आणि हिशेबासाठी नवा ग्रंथ, असा नेम ठेवावा.

कोणी विचारील, ग्रीसच्या या उठाठेवीशी आपला संबंध काय? संबंध आपल्या दाराशीच आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात पोसायडनची वितीहूनही लहान ब्राँझमूर्ती सापडली. रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापारातून आलेला हा ग्रीक देव आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर स्वतःला ‘यवन’ म्हणविणाऱ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. आणि ‘यवन’ हा शब्द तर ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशाच्या नावातूनच आपल्याकडे आला. आर्टेमिसिऑनचा देव पुस्तकात पाहून कोल्हापूरला जावे, म्हणजे त्या चिमुकल्या मूर्तीपुढे पाय आपोआप थबकतील.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत एक प्रयोग करून पाहावा. फराळ झाल्यावर घरातल्या संगणकाभोवती सर्वांनी बसावे. संध्याकाळी एकच संग्रहालय आणि त्यातल्या दोनच वस्तू घ्याव्यात. मोठ्यांनी मजकूर वाचून मराठीत सांगावा, मुलांनी छायाचित्र मोठे करून बारकावे शोधावेत. हजार वस्तू चाळण्यापेक्षा एका वस्तूला अर्धा तास देणे अधिक.

सुरुवात कोठून करावी, असे विचाराल तर केरामेइकोसपासून. या नावाचा अर्थच कुंभारवाडा! अथेन्सच्या या कुंभारवाड्याला लागून शहराची स्मशानभूमी होती. तिथल्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली एक समाधिशिळा आहे. खुर्चीवर बसलेली एक स्त्री, अँफारेटी तिचे नाव, डाव्या हातावर तान्हे मूल घेऊन त्याच्याकडे पाहते आहे. तिच्या उजव्या हातात एक पक्षी आहे, बाळाला खेळवायला. पाहणारा सहज म्हणेल, आई आणि मूल. पण वर कोरलेला लेख ग्रंथ आपल्याला वाचून दाखवितो आणि काळजात लक्कन हलते. ते मूल तिच्या लेकीचे. दोघे जिवंत होती तेव्हा ती त्याला मांडीवर घेई. आता दोघेही गेली आहेत, आणि आजी अजून नातवंडाला घेऊनच बसली आहे.

चोवीस शतके उलटली. तिने अजून त्याला खाली ठेवलेले नाही.