आगोटीचं लाकूड

मे महिन्याच्या मध्यावर कोकणातल्या कुठल्याही वाडीत सकाळी सातला उभं राहिलं, की दोन-तीन दिशांनी एकच आवाज येतो. पूर्वी या दिवसांत कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत. आता इंजिनाची घरघर असते. मध्येच ती चिरक्या सुरात चढते आणि ओंडका पार झाला की खाली उतरते. दुकानाच्या पावतीवर याचं नाव चेनसॉ. वाडीत कुणी कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. घर शाकारणं, पन्हळ लावणं, मीठ-मसाला भरून ठेवणं या आगोटीच्या कामांतच चार महिन्यांचं जळण रचून ठेवणं येतं. गॅस घरोघरी आला, तरी न्हाणीचं पाणी, उकड्या तांदळाची भट्टी आणि कार्याची मोठी चूल अजून लाकडावरच चालते.

या यंत्रानं आठवड्याभराचं काम एका सकाळवर आणलं, हे मला मनापासून मोलाचं वाटतं. डोक्यावर चुंबळ ठेवून भारे वाहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी कुऱ्हाडीशी झुंजणाऱ्या माणसांचं आयुष्य ज्यांनी पाहिलंय, त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही. पण मिक्सर घरात यावा इतक्या सहज हे यंत्र घरात आलं आणि ते चालतं कसं, हे नीट कुणी सांगितलंच नाही. ते इथे सावकाश सांगतो.

आत पेट्रोलवर चालणारं छोटं टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्याच्या दांड्यावर एक क्लच बसवलेला असतो. इंजिन मंद फिरत असताना क्लच सुटा राहतो, म्हणून साखळी थांबलेली असते. बोटानं ॲक्सिलरेटर दाबला की फिरण्याच्या जोरानं क्लचचे तुकडे बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात आणि साखळी लोखंडी पट्टीभोवती धावू लागते. पूर्ण वेगात ती सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरनं पळते. म्हणून पहिली परीक्षा ही: इंजिन चालू आहे आणि बोट ॲक्सिलरेटरवर नाही, अशा वेळी साखळी जागची हलता कामा नये. हलत असेल तर ते मशीन हातात घेऊ नका, आधी दुरुस्तीला न्या.

साखळीच्या दातांची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या साखळ्यांना करवतीसारखे टोकदार दाते असत. ते लाकूड ओरबाडत आणि पुन्हा पुन्हा बोथट होत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला एका बुंध्यात भुंग्याची अळी दिसली. ती जबड्यानं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून कुरतडत कठीण लाकूड आडवं-उभं सहज पोखरत होती. त्यानं ते जबडे पोलादात उतरवले: एक दात डाव्या अंगाला वळलेला, पुढचा उजव्या. आजही जगभर जवळपास सगळ्या साखळ्या याच घडणीच्या आहेत. आपल्या आंब्याच्या खोडात शिरून बाग उजाड करणारा भिरूड हा त्याच कुळातल्या भुंग्याची अळी. बागायतदाराचा वैरी, पण लाकूड कसं कापावं याचा त्याच्याएवढा जाणकार दुसरा नाही.

प्रत्येक दाताचे दोन भाग असतात. मागचा भाग वळलेला आणि धारदार. तो रंध्यासारखी ढलपी काढतो. त्याच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल शिरेल हे तो ठरवतो. उंचवटा धारेपेक्षा साधारण ०.६ मिलिमीटर खाली असावा, जाड नखाएवढा. दात कानशीनं घासून घासून ठेंगणा होतो, पण उंचवटा तेवढाच राहतो. मग धार असूनही मशीन कापत नाही. तेव्हा तो उंचवटाही चपट्या कानशीनं मापात खाली आणावा लागतो. अंदाजानं फार घासला, तर दात गरजेपेक्षा खोल रुततात आणि मशीन हातात उसळ्या मारतं. दोन्ही बाजूंनी माप चुकवून चालत नाही.

धार लावायला गोल कानस लागते. घरगुती बारीक साखळीला बहुधा ४ मिलिमीटरची, त्याहून मोठीला ४.८ ची. साखळीच्या खोक्यावर माप दिलेलं असतं, तेच घ्यावं. कानस आतून बाहेर, एकाच दिशेनं चालवायची, परतताना उचलायची. डाव्या दातांना पाच हात दिले तर उजव्यांनाही पाचच. एका अंगाची धार जास्त झाली की काप वाकडा जातो आणि पट्टी अडकते. धार आहे की गेली, हे ओळखायला यंत्राकडे पाहावं लागत नाही. खाली पडणारा भुसा पाहावा. धारदार साखळी जाडसर पापुद्रे टाकते. पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली किंवा मशीन अंगानं दाबावं लागलं, की थांबायचं. अर्ध्या टाकीनंतर धार पाहणारा माणूस न पाहणाऱ्याच्या आधी घरी जातो. दगडाला, मातीला किंवा जुन्या कुंपणाच्या खिळ्याला एकदा जरी साखळी लागली, तरी सगळी धार क्षणात जाते. म्हणून जमिनीवर पडलेला ओंडका तिथेच पार करू नये; खाली आडवं लाकूड सरकवून उचलून घ्यावा.

तेलं दोन असतात आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. एक पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी तेल. पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असेल, तर एका लिटरला २० मिलिलिटर; २५ ला १ असेल, तर ४०. दुसरं साखळीचं तेल. त्याची टाकी वेगळी, ते थेट पट्टीवर झिरपतं. ते संपलं की पट्टी निळी पडेपर्यंत तापते. साखळी तापल्यावर सैल होते, तेव्हा कामात ताण पुन्हा पाहावा: ती पट्टीच्या खालच्या कडेला चिकटलेली असावी आणि तरी हातमोजा घातलेल्या हातानं ओढता यावी. पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं; ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांत ओलीला तोटा नाही.

आता धोक्याचं. पट्टीच्या खालच्या कडेनं साखळी आपल्याकडे येत असते, वरच्या कडेनं आपल्यापासून दूर जात असते. म्हणून खालच्या कडेनं कापताना मशीन लाकडाकडे ओढलं जातं आणि वरच्या कडेनं कापताना ते आपल्या अंगावर ढकललं जातं. एवढं कळलं की अर्धी सावधगिरी आपोआप येते. उरलेली अर्धी पट्टीच्या टोकाशी आहे. टोकाच्या वरच्या पाव भागाला काहीही लागलं, एखादी आडदांड फांदी किंवा मागचा ओंडका, की दात तिथे चावा घेऊ शकत नाहीत आणि सगळी पट्टी कमान करून वर, तोंडाकडे आणि मानेकडे फेकली जाते. हे इतक्या झटक्यात होतं की माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्यासाठी पुढच्या मुठीसमोर एक आडवी पाती असते. मनगट तिला लागलं की ब्रेक बसतो आणि साखळी जागीच थांबते. ती पाती फक्त हात वाचवायला आहे असं समजून काढून ठेवलेली मशिनं मी पाहिली आहेत. तसं करू नका. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट वळवलेला हवा. खांद्याच्या वर मशीन उचलून कापू नये, शिडीवर उभं राहून तर मुळीच नाही, आणि आपलं डोकं पट्टीच्या रेषेत कधी ठेवू नये.

यंत्राचं इतकं कळलं, तरी लाकडाचं कळायचं राहतंच. आमच्याकडचे एक जुने कटरवाले काका मशीन चालू करण्याआधी ओंडक्याभोवती एक फेरी मारतात. ते ताण शोधत असतात. दोन दगडांवर टेकलेला ओंडका मधे खाली झुकतो; त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. तो वरूनच कापत गेलं, तर काप मिटतो आणि पट्टी चिमटीत सापडते. म्हणून आधी वरून एक तृतीयांश आणि मग खालून उरलेला. एकाच टोकाला टेकलेला आणि दुसरं टोक अधांतरी असलेला ओंडका असेल तर उलट: आधी खालून थोडा, मग वरून. आधी दाबलेली बाजू, नंतर ताणलेली. हा क्रम चुकला की लाकूड उभं फाटतं किंवा सपकन् उसळतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला हीच मशिनं लागली. अशा पडलेल्या झाडात ताण सगळ्यात कपटी असतो. मुळांसकट उखडलेला बुंधा आणि त्याला लटकलेली मातीची भिंत. खोड कापून वजन कमी झालं, की ती भिंत पुन्हा खड्ड्यात जाऊन उभी राहते. तिच्या मागे त्या खड्ड्यात कुणी, विशेषतः पोरं, उभी नाहीत हे पाहिल्याशिवाय पहिला काप घेऊ नये. वाकून अडकलेली बारीक फांदी धनुष्यासारखी असते. ती एका घावात न तोडता आतल्या, दाबलेल्या बाजूनं हळूहळू खरवडत तिचा जोर काढावा.

उभं झाड पाडणं हे सरपणाचं काम नव्हे आणि ते जाणत्याकडे द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी पाहणाऱ्याला समजावं म्हणून: ज्या दिशेला पाडायचं, तिकडे बुंध्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खाच घेतात. मग मागून, खाचेपेक्षा थोडा वर, आडवा काप. दोहोंच्या मधे बुंध्याच्या दहाव्या भागाएवढी लाकडाची पट्टी न कापता सोडतात. ही बिजागरी. झाड तिच्यावर वळत खाली येतं. ती पूर्ण कापली, तर झाड कुठेही जातं. झाडाच्या दुप्पट उंचीच्या वर्तुळात दुसरं कुणी नको आणि कापणाऱ्याची मागे तिरकी पळवाट आधीच साफ केलेली हवी.

सरपणाला झाड पाडावंच लागतं असं नाही. बांडगूळ आलेल्या आंब्याच्या फांद्या, रोठा किडीनं मेलेली काजूची झाडं, बांधावरचं गिरीपुष्प, वाऱ्यानं पडलेला अकेशिया, हे एका घराला पुरून उरतं. गिरीपुष्प पुन्हा फुटतं. काप तिरका ठेवला तर पाणी साचून बुंधा कुजत नाही. आईन, किंजळ, खैर, साग, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली, तरी झाडतोडीचं नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याखाली येतात. ती तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते. मशीननं तोडण्याचा वेळ वाचवला. सुकण्याचा वाचवला नाही. कुऱ्हाडीच्या दिवसांत लाकूड तोडायला वेळ लागे, म्हणून माणसं दिवाळीनंतरच कामाला लागत आणि मेपर्यंत ढीग आपोआप वाळे. आता एका सकाळचं काम म्हणून ते मेपर्यंत लांबतं. ताज्या लाकडाच्या वजनात बरेचदा निम्म्याच्या आसपास पाणी असतं. चूल आधी ते पाणी उकळत बसते, भांडं नंतर. अर्धवट जळालेल्या लाकडाचा धूर होतो, आणि तो जाऊन बसतो चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत.

लाकडातलं पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून, कारण खोडात ते उभ्या नळ्यांतून वाहत असतं. साल त्याला आतच धरून ठेवते. म्हणून ओंडके हातभर लांबीचे करावेत आणि ओले असतानाच फोडावेत. ओलं सरळ लाकूड कुऱ्हाडीला पटकन उकलतं. गाठाळ तुकडा पाचर लावून फोडावा किंवा कार्याच्या चुलीसाठी बाजूला ठेवावा. फोडी जमिनीवर रचू नयेत, वाळवी लागते. खाली दगड आणि त्यांवर दोन बांबू घालून, फोडींमध्ये वारा खेळेल अशी उतरंड लावावी. वर झाकण, बाजू उघड्या. पाच-सहा कोरडे महिने मिळाले की टोकांना चिरा पडतात, साल सुटते आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात. ओलं लाकूड बद्द वाजतं.

तेव्हा यंदाचं जे आहे ते जपून जाळा, पण पुढच्या वर्षीच्या कटरवाल्याला तुळशीचं लग्न झालं की लगेच सांगून ठेवा. तो येईल त्या दिवशी त्याला हेल्मेट, चष्मा, कानांचं आवरण आणि जाड बूट घातल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका. त्या आवाजाची पातळी ११० डेसिबलच्या आसपास जाते आणि गेलेला कान परत येत नाही. आणि त्याच्यासोबत, हाकेच्या अंतरावर, एक माणूस दिवसभर राहू द्या.