थॉमसन काळी का होत नाही?

डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एकच चौकशी असते : पाणी उतरलं का? टणक मणी मऊ पडतो, गोडी भरू लागते, आणि शरद सीडलेसच्या घडात एकेक मणी जांभळट होत काळा पडतो. शेजारच्या प्लॉटातली थॉमसन मात्र त्याच हवेत हिरवीच पिकते.

रंगाचं सामानच थॉमसनकडे नसेल, असं वाटतं. तसं नाही. सालीतला रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि तो घडवणाऱ्या विकरांची जनुकं थॉमसनसारख्या पांढऱ्या जातींतही असतात. अडतं ते नकलेपाशी.

सातबाऱ्याचं मूळ दप्तर तलाठ्याकडेच राहायचं, आपल्या हाती यायची ती नक्कल. पेशीतही डीएनए केंद्रकाबाहेर पडत नाही, बाहेर जाते ती त्याची आरएनए नक्कल. आरएनए पॉलिमरेज हे विकर जनुकाच्या तोंडाशी बसतं, डीएनएचे दोन पेड थोडेसे उसवतं आणि एका पेडासमोर जोडीची अक्षरं लावत आरएनएचा धागा लांबवत जातं. थायमिनच्या जागी तेवढं युरॅसिल येतं. मागचे पेड पुन्हा मिटतात. हे यंत्र अणूंच्या पातळीवर दाखवणाऱ्या रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण पॉलिमरेज आपल्या मनानं कुठंही बसत नाही. जनुकाच्या अलीकडच्या प्रवर्तक भागाला चिकटून त्याला बोलावणारी प्रथिनं लागतात. द्राक्षाच्या रंगासाठी हे काम एमवायबीए१ करतं, आणि पांढऱ्या जातींत त्याचंच जनुक मुकं असतं. शोझो कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कारण दाखवलं : ग्रेट१ नावाचा, दहा हजारांहून जास्त अक्षरांचा उडता तुकडा प्रवर्तकातच घुसून बसलाय. शेजारचं एमवायबीए२सुद्धा नादुरुस्त. इटालिया या पांढऱ्या जातीत हा तुकडा बराचसा निसटला आणि रुबी ओकुयामा ही लाल जात मिळाली.

रंगीत जातींतही सगळं हवेवर असतं. रात्री उबदार राहिल्या की एमवायबीए१च्या नकला कमी निघतात, रंग फिका येतो. म्हणून काही बागायतदार ॲब्सिसिक आम्ल फवारतात. त्यानं नकला वाढतात.

नाशिकचं खरं दुखणं उलटं आहे. रात्रीचा कडाका आणि दुपारचं ऊन यांत तफावत वाढली की थॉमसनच्या घडात गुलाबी मणी दिसू लागतात. ही पिंक बेरी. पांढऱ्या जातीचं दार पुरतं बंद नसतं, एवढं त्यातून दिसतं. निर्यातदार असा घड घेत नाही, म्हणून घडांना कागद लावतात. मजुरी वाढते खरी, पण माल लोकल बाजारात टाकण्यापेक्षा ती परवडते.