पेटीवरचे वॅट

आमच्या कळवणात लग्नाच्या चित्रफिती संपादित करणारा एक माजी विद्यार्थी परवा तक्रार घेऊन आला. काटकसरीने जुळवलेला त्याचा संगणक एरवी नीट चाले. पण अंतिम चित्रफीत तयार करायला घेतली की अर्ध्यातच बंद! एसएमपीएसच्या पेटीवर मात्र ठळक '४५० वॅट'.

त्याला अंगावरचे कोष्टक वाचायला लावले. १२ व्होल्टखाली २० अँपिअर. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह; १२ × २० = २४० वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सारी शक्ती याच दाबावर घेतात. त्याचे कार्ड १३०, प्रोसेसर पूर्ण भाराला ११०, पंखे-डिस्क २५, बेरीज २६५. उरलेले वॅट ३.३ व ५ व्होल्टच्या रकान्यांत, त्याला निरुपयोगी.

३७ अँपिअरचा, म्हणजे ४४४ वॅटचा घे, म्हटले. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ३१२ वॅट लागतील. कांद्याच्या मोटारी एकदम सुरू होऊन दाब २३० वरून १८० व्होल्टवर उतरला, तर प्रवाह १.३६ वरून १.७३ अँपिअर होईल. म्हणून '२००–२४० व्होल्ट' लिहिलेला नको, '१००–२४०'चाच हवा.

शाळेतल्या संगणकाचे कोष्टक शिक्षकांसमोर वाचा. एसएमपीएस मात्र उघडू नका; वीज काढल्यावरही आतल्या धारित्रात दाब राहतो.