मोठी चाकं विकण्याआधी हिशोब मांडा

समजा, येडशीत हायवेला तुमचं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "आय-ट्वेंटी एन लाइनला १७ इंची अलॉय बसवा." लगेच हो म्हणू नका, कागद घ्या.

कंपनीचं माप १९५/५५ आर१६. साइडवॉल १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिमी. वरची-खालची साइडवॉल आणि ४०६ मिमीची रिम मिळून व्यास ६२१. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६, फरक एक टक्क्याच्या आत. चालेल. २०५/५० घेतला तर ६३७. टायर घासू शकतो आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवतो.

मात्र २०५/४५ मध्येही साइडवॉल १५ मिमीने घटते. हायवे सोडून गावाकडे वळलं की खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त. हे पैसे घेण्याआधी सांगा. पीसीडी, ऑफसेट जुळवा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. एक सौदा हुकला तरी चालेल, विश्वास हुकला की गिऱ्हाईक परत येत नाही.