परीक्षण विचाराचे की इंग्रजीचे?

देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा ६१७४ हा स्थिरांक खरा की खोटा, हे वजाबाक्या करून कळते. त्यावरच्या लेखाचे इंग्रजी किती सफाईदार आहे यावरून नव्हे.

शोधनिबंध छापण्यापूर्वी त्या विषयाचे जाणकार तो तपासून अभिप्राय लिहितात, तोही बहुधा इंग्रजीतच. समजा, नाशिकच्या एका प्राध्यापिकेला निबंधातली चूक दिसली, पण इंग्रजी अडले. त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी का?

अप्रकाशित निबंध यंत्राला दिला, तर गुप्तता भंगते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ साली अनुदान-प्रस्तावांवरील अभिप्राय अशा यंत्राकडून तयार करून घेण्यास मनाई केली.

पण स्वतः लिहिणाऱ्यावरही संशय येतो! त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध, यंत्राचे लेखन ओळखणाऱ्या सात साधनांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. अशी साधने पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे पाहतात. आणि परक्या भाषेत आपण साधे, ठरावीक शब्दच वापरतो.

तेव्हा मित्रांनो, नियमात बसत असेल तर वाक्ये यंत्राकडून सुधारून घ्यावीत आणि तसे सांगावे. चूक मात्र आपल्याच डोक्याने शोधावी.