रुग्णकक्षाची मांडणी आणि मनोरुग्णांची शुश्रूषा

मनोरुग्णालयाच्या सुधारणेचा विषय निघाला की नवा रंग, नवी फरशी, नव्या खाटा आणि नवी यंत्रे यांची यादी प्रथम पुढे येते. ही यादी अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या वस्तूंमुळे रुग्णाच्या दिनक्रमात नेमका कोणता पालट होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या मनोरुग्णालयात झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. रॉबर्ट सॉमर आणि रॉस यांनी त्याचा वृत्तान्त १९५८ साली प्रसिद्ध केला.

तेथील वृद्ध स्त्रियांच्या कक्षाचे नुकतेच नूतनीकरण झाले होते. रंग उजळ, फरशी नवी, खुर्च्या नव्या. पाहणाऱ्यास कक्ष प्रसन्न वाटे. मात्र रुग्ण स्त्रिया एकमेकींशी बोलत नसत. संशोधकांनी पाहिले तो कारण डोळ्यांसमोरच होते. बहुतेक खुर्च्या भिंतींना लागून ओळीने मांडलेल्या होत्या. शेजारणीशी बोलावयाचे तर मान वळवावी लागे आणि समोरची स्त्री हाकेच्या अंतरावर असे. ही मांडणी कोणी दुष्टबुद्धीने केलेली नव्हती. केर काढणे, जेवणाची गाडी नेणे, एका नजरेत सर्वांवर लक्ष ठेवणे या कामांस ती सोयीची होती. सोय कोणाची, एवढाच काय तो प्रश्न!

संशोधकांनी कक्षाच्या मध्यभागी लहान चौकोनी मेजे ठेवून त्यांभोवती खुर्च्या मांडल्या. प्रारंभी ही नवी व्यवस्था कोणासच रुचली नाही. खुर्च्या पुनःपुन्हा भिंतीकडे जाऊ लागल्या. पुढे मेजांवर फुले आणि मासिके ठेवण्यात आली. काही आठवड्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा क्षणिक बोलणे आणि दीर्घ संभाषण या दोहोंत लक्षणीय वाढ आढळली. वाचनही वाढले, कारण हातातले मासिक ठेवण्यास आता जागा होती. त्या काळी या रुग्णालयाचे अधीक्षक असलेले हंफ्री ऑस्मंड यांनी माणसांस परस्परांपासून दूर लोटणाऱ्या आणि एकत्र आणणाऱ्या वास्तू असा भेद १९५७ साली मांडला होता. पहिल्या प्रकारात रेल्वेचे प्रतीक्षालय येते. आपल्याकडील कित्येक जुने रुग्णकक्षही त्यातच मोडतील.

यंत्रांचीही तीच कथा आहे. विद्युत्-आघात चिकित्सेचा प्रारंभ रोम येथे १९३८ साली चेर्लेत्ती आणि बिनी यांनी केला. तेव्हा रुग्णास भूल दिली जात नसे. झटक्याच्या जोराने पाठीचे मणके मोडण्याचे प्रकार घडत. पुढे भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे आल्यावर तीव्र विषण्णतेवरील ही चिकित्सा पुष्कळ सुरक्षित झाली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या दोहोंवाचून ती देण्यास मनाई केली आहे. म्हणजे झटक्याचे अद्ययावत यंत्र विकत घेऊन काम भागत नाही. भूलतज्ज्ञ हवा, प्राणवायू हवा, घशातील स्राव ओढून घेणारे साधन हवे, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे उपकरण हवे. शिवाय खोल्या तीन हव्यात : प्रतीक्षेची, उपचाराची आणि शुद्धीवर येण्याची. एकाच दालनात पडदा लावून हे सारे उरकले, तर रांगेत बसलेल्या रुग्णास पुढच्याची अवस्था दिसते आणि त्याची भीती वाढते. ती भीती कोणतेही यंत्र दूर करू शकत नाही.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालये ब्रिटिश राजवटीपासूनची आहेत. त्या काळच्या अशा संस्थांची बांधणी मुख्यतः बंदोबस्ताच्या कल्पनेवर झाली होती. अशा वास्तूंचे नूतनीकरण करताना आत्मघातास आधार होईल असे हूक, गज आणि उघडे नळ काढून टाकणे अवश्य आहे. परंतु सुरक्षिततेच्या नावाखाली खोली पुन्हा कोठडी होऊ नये, याकडे स्थापत्यकाराने लक्ष दिले पाहिजे.

उपर्युक्त कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास बंदी केली आहे, तसेच एकान्ताचा आणि इच्छा असल्यास स्वतःचे कपडे वापरण्याचा हक्क त्यास दिला आहे. तेव्हा नव्या कक्षाच्या आराखड्यात न्हाणीघराच्या दारास आतून लागणारी आणि प्रसंगी परिचारिकेस बाहेरून उघडता येणारी कडी, तसेच प्रत्येक खाटेजवळ एक लहान कपाट, या दोन बाबींसाठी खर्चाची तरतूद आरंभीच केलेली बरी. एरव्ही काटकसरीच्या वेळी पहिली कात्री त्यांनाच लागते.